मनिषाच्या टर्क्या

दिंद्रुडला सुंदररावांच्या ओसरीवर कुणी मोठ्यानं बोललं की परसातून उत्तर यायचं. कुकरची शिट्टी झाली तरी यायचं, मोटारसायकलचा हॉर्न वाजला तरी यायचं. गळ्याखाली लाल कातडं लोंबणारे टर्कीचे नर माना पुढे काढायचे, सगळे मिळून एका दमात गुलगुल ओरडायचे आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात परत दाणे टिपायला लागायचे.

हिवाळ्यात रविराजनं त्या ओसरीवर एक बैठक घेतली. रविराज म्हणजे या घरचा जावई, तालुक्याच्या राजकारणातला माणूस. त्यानं हात वर करून घोषणा दिली, पण जमलेल्या माणसांच्या आधी परसातून प्रतिसाद आला. दुसऱ्या घोषणेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लोक खाली माना घालून हसायला लागले आणि कुणीतरी म्हणालं, की हे कार्यकर्ते चांगले आहेत, यांना चहापाणी लागत नाही. बैठक उठल्यावर सुंदररावांनी सुनेला पहिल्यांदा सांगितलं, ही गिधाडं काढून टाक.

गिधाड हा गावानं ठेवलेला शब्द. उघडी, सुरकुतलेली, निळसर लाल मान बघितली की पोरंसोरं सुद्धा हेच म्हणत. गिधाडाचं वशाट कोण खाणार, असं बायका मनिषाला तोंडावर विचारत. वशाट म्हणजे आमच्याकडे मांसाहार.

मनिषा चकलांब्याची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा वीस वर्षांची होती, आता चाळिशीला आलेली. नवरा तानाजी सरळ माणूस, फक्त वडील समोर असले की त्याला बोलायचं आठवत नाही. दोन्ही मुलं शिकायला अंबाजोगाईला. घरात कामाला कमी नव्हती, पण ज्याच्यावर मनिषाचं काही चालतं असं काही नव्हतं. म्हैस सुंदररावांची, दूध सासूबाई जानकीबाईंचं, कोठीच्या खोलीची किल्ली जानकीबाईंच्या कमरेला, शेतात काय पेरायचं ते बापलेक ठरवणार. ती रांधायची, वाढायची, आणि भाजी कुठली करू हे रोज विचारायची.

बचत गटाच्या बायकांना एकदा कुठल्याशा प्रशिक्षणातून टर्कीची पिल्लं मिळाली. बहुतेकींची पहिल्या पंधरवड्यातच मेली. हे पिल्लू जातीनं खुळं. समोर दाणा असला तरी टिपायचं त्याला कळत नाही, उपाशी मरतं. मनिषानं चुलीजवळ पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, वर बल्ब लावला, कांद्याची पात बारीक चिरून टाकली आणि बोटाच्या नखानं त्या पातीवर टकटक करत बसली. आई चोच मारते तसं. हिरवं हलताना दिसलं की पिल्लं बघायची, मग एखादं चोच मारायचं, मग त्याचं बघून दुसरं. जानकीबाई म्हणाल्या, पोटच्या पोरांना एवढं भरवलं नाहीस. मनिषा म्हणाली, ती मागून खात होती.

पिल्लं मोठी झाली, मनिषाच्या मागं बांधापर्यंत चालत जायला लागली. तिनं जिभेनं टकटक आवाज काढला की कुठूनही पळत यायची. या घरात तिच्या हाकेला लगेच येणारं दुसरं कुणी नव्हतं.

बैठकीनंतर महिनाभरानं तिनं एक नर कापून शेतात रस्सा केला. गावाला एकदा चव कळली की गिधाड म्हणणं बंद होईल, असा हिशेब. काळा मसाला, खोबरं, सगळं नेहमीसारखं घातलं आणि नेहमीसारखंच शिजवलं. इथंच फसलं. मटण कडक राहिलं, दोऱ्यासारखं. चार पाहुणे होते, ते दात कोरत बसले. सुंदररावांनी एक फोड तोंडात घातली, बराच वेळ चावली, मग पंचा तोंडाला लावून उठले आणि हात धुवायला गेले ते परत पंगतीत आलेच नाहीत. भरल्या पंगतीतून सासरा उठून गेला, हे मनिषाला फार लागलं. त्यांनी अन्नाचा अपमान केला असं ती म्हणाली नाही, पण धरून ठेवलं.

उन्हाळा सरता सरता त्यांनी निकाल दिला. आखाड संपायच्या आधी बाजारला टेम्पो न्यायचा आणि सगळ्या टर्क्या विकून मोकळं व्हायचं. तानाजीनं मान हलवली. मनिषा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पदर नीट केला आणि सासऱ्याशी ती सहसा बोलत नसे तेवढं बोलली.

"मामा, आखाडाच्या जेवणाला पाव्हणे यायचेच हायेत. एक डाव मला माझ्या हिशोबानं करू द्या. न्हाई खाल्लं कुणी, तर मीच धरून टेम्पोत घालते."

सुंदररावांनी सुपारीचा तुकडा गालात फिरवला. ठीक आहे म्हणाले. पण पाहुण्यांसाठी दोन गावरान कोंबडे वेगळे बांधून ठेवायला तानाजीला सांगायला ते विसरले नाहीत.

तिचा हिशोब म्हणजे फोनवरचा एक व्हिडिओ होता. कुठल्या तरी परदेशातला एक जाडजूड माणूस अख्खी टर्की लोखंडी पिंपात ठेवतो, झाकण लावतो, दिवसभर धुरावर ठेवतो आणि संध्याकाळी काढतो तेव्हा ती तांब्याच्या हंड्यासारखी लकाकत असते. मग तो ती तशीच ताटात घालून नेतो आणि टेबलावरची सगळी माणसं उठून उभी राहतात. त्याची भाषा मनिषाला कळत नव्हती. आवाज बंद करून भाकरी थापताना तिनं तो कितीदा बघितला कोण जाणे. ती फक्त त्याचे हात बघायची. मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवणं, पुसून कोरडी करणं, खाली निखारे, मधे पाण्याचं भांडं, वर जाळी. आणि शेवटी माणसं उठून उभी राहतात, ते.

पिंपासाठी ती फाट्यावर जमीलकडं गेली. जमील वेल्डिंगचं काम करतो, त्याची बायको आमिनाबी मनिषाच्याच गटात आहे. जमीलकडं फवारणीच्या औषधाचं एक छान निळं पिंप पडलेलं होतं, तेच कापून देतो म्हणाला. मनिषानं नको म्हणून हात जोडले. मग त्यानं गोडेतेलाचं एक जुनं पिंप शोधलं, आतून जाळ लावून लाल केलं, घासलं, खाली छोटं दार काढलं, आत सळयांची जाळी बसवली. झाकणाला मूठ लावताना त्यानं विचारलं, की वहिनी, यात बसून धूर घेणार कोण, तुमी का मामा.

भिजवायला भांडं नव्हतं. जानकीबाईंच्या गळ्यात माळ, त्यामुळे वशाटाची भांडी परसात वेगळ्या फळीवर, चूल वेगळी, आणि ते जेवण घराच्या मधल्या दारातून कधी आत आलेलं नाही. ओसरीवर वाढायचं तर बाजूच्या बोळातून फिरून आणायचं. फळीवरच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात टर्कीची एक तंगडी बाहेर राहिली असती. आमिनाबीनं तिच्या घरची देग दिली. बिर्याणीची, दोन माणसांनी उचलायची.

आदल्या दिवशी मनिषा एक जाडजूड मादी पोत्यात घालून आमिनाबीचा दीर यासीन याच्या चिकनच्या दुकानात घेऊन गेली. हलाल तोच करतो, गावातले सगळे त्याच्याकडेच नेतात. तिनं त्याला बजावून सांगितलं की तुकडे करायचे नाहीत, पाय तोडायचे नाहीत. एवढं सांगून ती मसाल्याचं सामान आणायला गेली.

परत आली तेव्हा टर्की फरशीवर आडवी होती. अख्खी होती. तुकडा एकही केलेला नव्हता. पण यासीननं ती सोलून ठेवली होती, गुलाबी, उघडी, कातड्याचा कण अंगावर नाही. कातडं पिसांसकट दुकानामागं गेलं होतं आणि तिथं कुत्र्यांची भांडणं चालू होती.

यासीनचं काही चुकलं नव्हतं. बॉयलर कोंबडी दिवसभर सोलून सोलून त्याचा हात तसाच चालतो, कातडं ठेवा असं त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आणि मनिषाला सांगायचं सुचलं नाही, कारण घरी गावरान कोंबडं कधी सोलत नाहीत. पिसं काढून, हळद चोळून, जाळावर भाजून कातड्यासकटच करतात. दोघांनाही वाटलं की यात सांगायचं काय. व्हिडिओतल्या माणसानं ज्याला तूप चोळलं होतं, जे शेवटी लकाकत होतं, ते सगळं कातडंच होतं. त्याच्याविना दिवसभर धुरावर ठेवली तर ती वाळून वाखासारखी होणार हे सांगायला व्हिडिओ लागत नव्हता.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. दुसरी मादी कापायची तिची छाती नव्हती. यासीननं तिला पाणी दिलं आणि आमिनाबीला हाक मारून बोलावलं. आमिनाबी आली, तिनं टर्कीकडं बघितलं, मग दिराकडं बघितलं आणि त्याला हिंदीत दोन शब्द सुनावले. मग शेजारच्या मटणाच्या दुकानात गेली. आखाडामुळं तिथं सकाळपासून बकरी पडत होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बकऱ्याच्या पोटातली चरबीची जाळी होती, लेसच्या पडद्यासारखी पांढरी, पातळ.

"आमच्या अम्मी कलेजी यात गुंडाळून निखाऱ्यावर ठिवायच्या," ती म्हणाली. "कातडं गेलं ना, मग हिला ही चादर घाल. आतल्या आत वितळंल, कोरडी न्हाई पडायची."

मनिषानं विचारलं, टर्कीवर कधी घातली होती का. आमिनाबी म्हणाली, टर्की मी कधी खाल्लीच न्हाई, तुझ्याच घरी खाणार हाय.

त्या संध्याकाळी देगेत मीठ, गूळ, आलं, लसूण, मिरे आणि तमालपत्र घालून पाणी उकळलं, गार केलं आणि टर्की त्यात बुडवली. सकाळी उजाडता उजाडता तिनं ती काढून पुसली, कोरडी केली, वरून चरबीची जाळी अंगाला लपेटली आणि पायांना सुतळी बांधली. पत्र्याच्या शेडमधे पिंप उभं केलं, कारण बाहेर भुरभुर चालू होती. बाभळीचे निखारे खाली, धुरासाठी ओली केलेली लाकडाची ढलपी वर. धूर झाला, पण पांढराशुभ्र, डोळे झोंबवणारा.

जानकीबाई मागच्या दारात आल्या. त्या या बाजूला येत नाहीत. आल्या, पिंपाकडं पाठ करून पाटावर बसल्या, हातात वाती वळायचा कापूस. पाच-सहा वाती वळल्या. मग तशाच, मागं न बघता म्हणाल्या, "त्यात लिंबाचं ढलपं हाय. ते काढ आधी. कडू वास येतोय."

मनिषानं चिमट्यानं शोधलं. खरंच होतं, कडुलिंबाचं एक. काढलं.

"आन् हा पांढरा धूर म्हंजी लाकूड रडतंय. खालचं दार जरा उघडं ठिव, वारा घेऊ दे. धूर निळा झाला की मग तुजं ते जे काय हाय ते आत ठिव."

अशा त्या सकाळभर बसून राहिल्या. वाती वळल्या, तांदूळ निवडले, आणि पाठमोऱ्याच धूर हुंगत हुकूम सोडत राहिल्या. मंद कर. बाभूळ घाल. आता गप बस, सारखं झाकण उघडू नको, भाकरी फुगते का अशी बघितल्यावर. पन्नास वर्षं चूल पेटवलेली बाई, तिला आत काय शिजतंय त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. विस्तव बिघडलेला मात्र तिला बघवत नव्हता. मधेच तानाजी येऊन उभा राहिला. आईला तिथं बघितलं आणि लाकडं फोडून देऊन गेला.

रविराज कायम उशिरा येतो. दुपारी दोनचं जेवण म्हटलं की चारला गाडी लागते, हे धरूनच मनिषानं सगळं बेतलं होतं. त्या दिवशी त्याला संध्याकाळी माजलगावला कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचं होतं, म्हणून तो बाराच्या ठोक्याला हजर झाला. बरोबर बायको, म्हणजे मनिषाची नणंद स्वप्नाली, आणि दोन कार्यकर्ते. उतरतानाच तो फोनवर मोठ्यानं कुणाला तरी झापत होता आणि परसातून त्याला जोरदार पाठिंबा मिळाला. कार्यकर्त्यांनी एकमेकांकडं बघितलं. सुंदररावांच्या कपाळावर आठी उठली.

टर्कीला अजून निदान दोन तास हवे होते. मनिषानं झाकण किंचित उचलून बघितलं. चरबीची जाळी वितळून नाहीशी होत होती, अंग पिवळसर तपकिरी झालं होतं, पण पाय हलवला तर ताठ. सुंदररावांनी ओसरीवरूनच तानाजीला कोंबडे कापायला सांगितलं. रस्सा तिनंच केला. वशाटाच्या चुलीवर कोंबड्याचं पातेलं, बाजूला शेडमधे पिंप, मागच्या दारात पाठमोरी सासू, आणि तव्यावर भाकरी. स्वप्नाली मदतीला आली, म्हणजे फोन घेऊन पिंपाभोवती फिरून गेली. अख्खी काढशील तेव्हा मला हाक मार वहिनी, म्हणाली, मी व्हिडिओ करते, ह्यांच्या ग्रुपवर टाकते, लई लोक बघतील. मनिषाला ते आवडलं. बोळातून अख्खी टर्की ताटात घेऊन आपण ओसरीवर येतोय, आणि सगळे उठून उभे राहताहेत, हे तिनं मनात इतक्यांदा बघितलं होतं की कुठल्या पातळात आपण असू तेसुद्धा ठरलेलं होतं.

माणसं जेवायला बसली. मनिषा बोळातून रस्सा घेऊन आली, वाढत वाढत सुंदररावांपाशी पोचली. त्यांनी नेहमीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. फोडी मला नको, पाव्हण्याला वाढ. फक्त रस्सा घेतला आणि भाकरी त्यात चुरून कालवली. वर्षभर तरी ते असंच करत होते. मनिषाला ते यजमानपण वाटायचं.

ती खाली वाकलेली होती म्हणून दिसलं. सुंदररावांनी पंचा तोंडापाशी नेला, खोकल्यासारखं केलं, आणि पंचा खाली आला तेव्हा त्यांचे गाल आत गेलेले होते. पंचाच्या घडीतलं काहीतरी कोपरीच्या खिशात गेलं. दातांची कवळी. अंबाजोगाईला बसवून आणली होती गेल्या वर्षी, त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं जानकीबाईंचं फर्मान होतं. ती बोलायला चालत होती. खायला चालत नव्हती. समोर बसलेल्या जावयानं फोड मोडून हाड चोखलं, आणि सुंदररावांनी चुरलेली भाकरी ओठांनी आत घेतली. त्यांची नजर जावयाच्या ताटातल्या हाडावर होती.

मनिषाला शेतातली ती पंगत आठवली. तोंडाला लावलेला पंचा, बराच वेळ चावलेली ती एकच फोड, आणि उठून गेलेला माणूस. त्यांनी तिचं अन्न टाकलं नव्हतं. भरल्या पंगतीत त्यांचे दात सुटले होते.

ती रिकामं पातेलं घेऊन बोळातून परत आली तेव्हा जानकीबाई पाटावर नव्हत्या. पिंपावरचा धूर विरळ निळा होता. तिनं झाकण काढलं. टर्की तयार होती. जाळीचा मागमूस नव्हता, फक्त तिची बारीक नक्षी सगळ्या अंगावर उमटली होती, आणि रंग तांब्याच्या हंड्याला लाजवेल असा. पायाला धरून किंचित ओढलं तर तो सांध्यातून सुटायला लागला. वास असा, की चुलीपाशी बसलेली कुत्री उभी राहिली.

तिनं ती दोन फडक्यांनी उचलून परातीत ठेवली. अख्खी. बोळ समोर होता. स्वप्नाली पुढे कुठंतरी फोन घेऊन फिरत होती, तिला हाक मारली की झालं. ओसरीवरची माणसं उठली असती, रविराजनं फोटो काढले असते. मग तानाजीनं मोठाले तुकडे करून हाडासकट सगळ्यांच्या ताटात घातले असते, आणि सुंदररावांनी ताटावर हात आडवा धरून म्हटलं असतं, पाव्हण्याला वाढ. आणि बाजारच्या दिवशी टेम्पो आला असता.

मनिषा क्षणभर परातीकडं बघत उभी राहिली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी टर्की मोडायला लागली.

आधी मांड्या. तिथलं मांस बोटांनी धरलं की हाड सोडून येत होतं. तिनं त्याचे लांब लांब तंतू केले, मग तेही मोडून मऊ केले. छातीचं जरा घट्ट होतं, ते बारीक सोडवून पिंपातल्या भांड्यात ठिबकलेल्या रसात कालवलं. बोटं भाजत होती, ती मधेच पाण्यात बुडवत होती. हाडं एका बाजूला, मांस एका बाजूला. लिंबू पिळलं, वरून बारीक कांदा टाकला. शेवटी परातीत एक तपकिरी, ओलसर ढीग उरला, ज्यात कुठला पक्षी होता हे कुणाला सांगता आलं नसतं.

स्वप्नाली बोळातून धावत आली आणि जागीच थबकली.

"अगं वहिनी, हे काय केलंस. अख्खी कुठं हाय? मी आता काय दाखवू?"

"अशीच खायची असती," मनिषा म्हणाली. "पंगत उठंल, चल. लिंबाच्या फोडी घे."

तिनं पहिल्यांदा रविराजला वाढलं, कारण रीत तशी. मग कार्यकर्त्यांना, मग तानाजीला. सगळ्यांना सारखंच, बिनहाडाचं. त्यामुळं सुंदररावांपाशी आली तेव्हा त्यांच्या ताटात काही वेगळं पडत नव्हतं. त्यांचा हात सवयीनं उठला. तिनं ताटाच्या कडेला, हाताच्या अलीकडं, चिमूटभर वाढलं आणि पुढे सरकली. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी खाल्लं नसतं, एवढं तिला वीस वर्षांत कळलं होतं.

रविराज बोलत होता, तो बोलायचा थांबला. एका कार्यकर्त्यानं विचारलं, हे बकऱ्याचं का. दुसरा म्हणाला, न्हाई बे, बकऱ्याला असा वास कुठं. तानाजी म्हणाला, ती टर्की हाय, परसातली. सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. मग पहिल्यानं ताट पुढे केलं. गिधाडाचं असलं तरी वाढा म्हणाला, आणि सगळे हसले. त्या हसण्यावर परसातून गुलगुल आलं, तेव्हा आणखी हसले.

मनिषा दुसऱ्यांदा फिरली. सुंदररावांचं ताट पुसलेलं होतं. त्यांनी हात आडवा धरला नाही. ताट किंचित पुढे सरकवलं. तिनं वाढलं. ते जिभेनं टाळूवर दाबून, डोळे अर्धे मिटून, कुठल्याही घाईविना खात राहिले. चुरलेली भाकरी तशीच राहिली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी ताट पुढे केलं तेव्हा रविराज म्हणाला, मामा, आज तुमी आमाला मागं टाकलं. सुंदरराव म्हणाले, "तुमी बोलत बसता. मी जेवतो."

एवढंच. चांगलं झालं असं ते म्हणाले नाहीत. टर्क्यांबद्दल काही बोलले नाहीत. पाहुणे गेले. मनिषा, जेवायला आलेली आमिनाबी आणि मागं राहिलेली स्वप्नाली यांनी परसात बसून उरलेलं खाल्लं. आमिनाबी म्हणाली की धुरासाठी तिला पेरूचं लाकूड बघायचंय, बाभूळ जरा दांडगी वाटते. परात घासताना मनिषाच्या बोटांची आग होत होती.

जानकीबाईंनी मागच्या दारातून विचारलं, त्यांनी खाल्लं का. मनिषा हो म्हणाली. त्यांनी विचारलं, काय खाल्लं. तेच, मनिषा म्हणाली, तीनदा घेतलं. जानकीबाई आत गेल्या. संध्याकाळी कोठीतून त्यांनी सुनेच्या बोटांना लावायला तूप काढून दिलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कुणीच तो रद्द केला नव्हता. तानाजीनं केला असेल असं मनिषाला वाटलं होतं, आणि तानाजीला वाटलं होतं वडील करतील. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, परसातून उत्तर आलं. मनिषा पाण्याची बादली घेऊन दारात थांबली. शब्द तिनंच दिला होता. ओसरीवर सुंदरराव पंचा खांद्यावर टाकून उठले आणि टेम्पोपाशी गेले.

"आज काई न्यायचं न्हाई," ते म्हणाले.

टेम्पोवाला म्हणाला, एवढ्या लांबून आलोय, रिकामा कामून पाठवता. सुंदररावांनी त्याला चहा घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि मग, बहुधा तेवढ्यानं त्याचं समाधान होईना म्हणून, त्रासिकपणानं म्हणाले, "अरे, त्या कडब्याच्या गंजीमागं एक बसलीय अंड्यावर. आता हिकडं तिकडं धरपकड केली तर उठून जाईल ती. कळतं का न्हाई."

मनिषानं बादली खाली ठेवली. परवापासून एक मादी दिसत नव्हती. कुत्र्यानं ओढून नेली असं धरून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, घरात निमित्त नको म्हणून. ती घरामागून गंजीपाशी गेली. कडब्याच्या दोन पेंढ्या बाजूला ओढून कुणीतरी आडोसा केलेला होता. आत ती बसली होती, पिसं फुगवून, मान आत घेऊन, कुणालाही ओळखत नसल्यासारखी. शेजारी पितळेच्या छोट्या झाकणात पाणी ठेवलेलं होतं. सुंदररावांच्या तांब्यावरचं झाकण.

घरातून जानकीबाईंची हाक आली, तांब्यावरचं झाकण कुठं गेलंय, कालपासून सापडत न्हाई.

"बघते आत्याबाई," मनिषा म्हणाली, झाकणातलं पाणी बदललं आणि ते होतं तिथंच ठेवलं.